धुऱ्यावरून का-की-कु-के-को

२० ऑगस्ट २०२४

मेलेच मी! जपानीच्या पहिल्याच तासाला तोंड उघडलं आणि निघालं काय — "मॅडम, मले ऐकू येऊन नाही राह्यलं!" मोबाईलवरच्या अकरा चौकोनांतले दोन-तीन चौकोन हसले. सेन्सेई (म्हणजे बाई, पण जपानीत, राहतात पुण्यात) हसल्या नाहीत. "सुवर्णा, तू कुठून?" एवढंच विचारलं. बीबी म्हटलं. "बीबी?" तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा. मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

ठरलं. क्लासमध्ये मराठी बंद. आज मला जपानीतले पाचच आवाज येतात — आ इ उ ए ओ. त्यात भागवू!

२२ ऑगस्ट

आज एक मजेशीर गोष्ट कळली. मी जपानीत बोलले तर मी कुठल्याच गावची नाही. पुण्याची पोरगी अडखळते तशीच मी अडखळते. कोण वऱ्हाडी, कोण शुद्ध, कोणाच्या बापाला कळणार?

२७ ऑगस्ट

आईसोबत निंदायला गेले. बी.ए. झालेली पोरगी घरी बसून काय करणार, गवत तरी उपटेल. प्रत्येक बाईला एकेक पात — म्हणजे तिच्या वाट्याच्या पिकाच्या दोन ओळी, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. मी नेहमीप्रमाणे मागे. आई स्वतःची पात संपवते आणि पलीकडच्या टोकाकडून माझी धरते. मध्यावर भेटते. लहानपणापासून असंच. कधी "लवकर हात चालव" म्हणाली नाही.

एका पातीला अक्षरांची एक ओळ असं ठरवलंय. आज का की कु के को. मोठ्यानं म्हटल्याशिवाय मला पाठ होत नाही. शेजारच्या पातीवरची शालूबाई म्हणाली, "काय वं, कोंबड्या बोलावून राह्यली का?"

२९ ऑगस्ट

सेन्सेईंचा नियम — रोज धडा मोठ्यानं वाचून दुपारपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं. घरात रेंज नाही, संध्याकाळचा क्लासही मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून करते. शेतात वरच्या धुऱ्यावर मात्र रेंज आहे! बाया तिथंच बाभळीखाली जेवायला बसल्या की मी वाचते, पाठवते. परत कधी ऐकत नाही. स्वतःचा आवाज ऐकवत नाही मला, भांड्यावर नख ओढल्यासारखा येतो.

१५ सप्टेंबर

बाया आता ओळीच्या ओळी म्हणतात! सा शि सु से सो. झुंबरबाईला शि आला की हसू आवरत नाही. आई सगळ्यांत मोठ्यानं म्हणते. आई शाळेत गेलेली नाही, सही तेवढी करते. तिला म्हटलं, आई, हळू. "काऊन? तिथं जोरानं नाही बोलत का?"

१९ सप्टेंबर

आज खोटं बोलले.

धडा घरातल्या माणसांचा होता. प्रत्येकानं आईचं काम सांगायचं. कोणाची आई डॉक्टर, कोणाची बँकेत. शेतकरी म्हणजे नोऊका, शब्द आदल्याच दिवशी पाठ केला होता. जिभेवर होता! आणि म्हटलं — आई शिक्षिका आहे.

 "सोऊ देसु का," सेन्सेई म्हणाल्या. असं होय. पुढचा मुलगा बोलायला लागला. मी कॅमेरा बंद केला.

२१ सप्टेंबर

आई माझी पात धरून समोरून येत होती. डोक्याला रुमाल, हातात गवताची मूठ, तोंडात ना नि नु ने नो. मी खाली बघून निंदत राहिले.

१३ ऑक्टोबर

काल नागपूर, दीक्षाभूमी. गर्दीत एक जपानी बाई दिसली! दोन महिन्यांची सगळी विद्या एकवटून मी म्हटलं, "कोन्निचिवा!" तिनं हात जोडले आणि खणखणीत म्हणाली, "जय भीम!"

बाबा परतीच्या गाडीत बीबीपर्यंत हसत होते. सेन्सेईंनी सांगितलं होतं की त्यांच्या अक्षरांचा क्रम आपल्याकडच्या भिक्खूंच्या लिपीवरून गेलाय. ते बाबांना सांगितलं. बाबा ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडतात, पण असलं काही ऐकलं की चेहरा प्राध्यापकाचा होतो. "म्हंजे आपलंच तिकडं गेलं. तू वापस आनाले चालली!"

चालली कुठं अजून? पण खिडकीशी बसून सगळं बघितलं मी. एक लहान गाव, उताराचा रस्ता, माझी सायकल. सायकलला पुढे टोपली, टोपलीत पुस्तकं आणि एक मुळा. मुळा का, देव जाणे. दुकानदारीण विचारते, कुठली गं तू? आणि मी सांगते. काय सांगते ते ऐकूच येत नाही, मेहकर आलं तेवढ्यात.

३० नोव्हेंबर

जागा निघाली! उत्तरेकडच्या एका लहान शहरातली भाषाशाळा. एप्रिलपासून एक वर्ष, फी माफ, राहायला खोली. आमच्या क्लासमधून एकच जण. सेन्सेईंच्या शिफारशीनं, मग मुलाखत.

दिवसभर कापूस वेचला आणि एक बोंड आठवत नाही. कापूस म्हणजे बर्फ असं मनात आलं, मग माझंच हसू आलं — बर्फ मी पाहिलाय तो फक्त उसाच्या रसात.

आईला सांगितलं.  तिनं ओटी सोडून कापूस गाठोड्यात टाकला आणि पुढची पात धरली.

९ डिसेंबर

आई अजून काही बोललेली नाही. बाबा म्हणतात, "तिले विचारू नको. तिचं शिजून राह्यलं."

६ जानेवारी २०२५

सेन्सेईंनी माझं नाव दिलं. माझं! मुलाखत २३ ला. आणि पालक शेजारी पाहिजेत. अर्जात आईचं काम लिहायचं होतं. सेन्सेईंना एकदा शिक्षिका सांगून बसले होते. आता दुसरं काय लिहू? तेच लिहिलं. 

२२ जानेवारी

आज सांगावंच लागलं. आई भाकरी थापत होती. म्हटलं, उद्या तुला विचारतील काय काम करता. मी मास्तरीण लिहिलंय.

"मास्तरीन? मी?" आधी हसली. मग थापायची थांबली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटवली. "माह्यी लाज वाटते का तुले?"

नाही म्हणायला हवं होतं पटकन. मी पटकन म्हणाले नाही.

"बरं," आई म्हणाली. आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

२३ जानेवारी

झाली. बाबांकडे ग्रामपंचायतीच्या खोलीची किल्ली असते, तिथं बसलो. भिंतीवरचं शौचालयाचं पोस्टर दिसू नये म्हणून टेबल दोनदा फिरवलं. आई नव्या पातळात, मांडीवर हात, सरळ.

पडद्यावर दोन जपानी सर आणि दुभाषी म्हणून सेन्सेई. मला विचारलेलं जमलं, निम्मं समजलं, निम्मं मान हलवून निभावलं. मग त्यांनी आईला विचारलं — तुम्ही काय काम करता? सेन्सेईंनी मराठीत सांगितलं. 

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "पोरीनं सांगतलं तेच."

खोटंही नाही, खरंही नाही! माझ्यासाठी तिनं एवढं वाकवलं स्वतःला. सेन्सेई मात्र त्या तीन शब्दांचं जपानीत बरंच काही सांगत बसल्या. दोन्ही सर हसले, माना हलवल्या. मला एकच शब्द लागला — इश्शोनी, म्हणजे सोबत. पुढचं मागचं काही नाही.

बाहेर आल्यावर आईनं पातळ बदललं आणि शेतात गेली. अर्धा दिवस तरी भरेल म्हणाली.

११ फेब्रुवारी

निवड झाली. झाली! सेन्सेईंचा फोन आला तेव्हा धुऱ्यावर होते. उड्या मारायच्या की रडायचं कळेना. आणि त्याच फोनवर मी सांगून टाकलं. क्लासमध्ये मराठी बंद वगैरे सगळं विसरून — "सेन्सेई, मी खोटं बोलली. माही आई मास्तरीन नाही. ती निंदाले जाते, कापूस वेचते. मले लाज वाटली. आता त्याईनं माहं नाव कापलं तरी चालते."

 पलीकडून हसल्याचा आवाज. "अगं, मला ऑगस्टपासून माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. अर्जासोबत मी तुझी रेकॉर्डिंग पाठवली होती ना. तो रकाना तेवढा नीट लिहून पाठव. सुवर्णा, तू तुझं रेकॉर्डिंग कधी ऐकतच नाहीस का?"

रकाना खोडला. नोऊका लिहिलं.

१२ फेब्रुवारी

ऐकलं. पाच महिन्यांतलं एकेक लावलं. माझ्या मागे सगळीकडे त्या बाया आहेत, पहिल्या दिवसापासून, निंदण्या-मजुरीच्या गप्पांसकट. मी ओळ वाचते, त्या म्हणतात. आई सगळ्यांत मोठ्यानं, आणि मी मध्येच "आई, हळू".

२ डिसेंबरचं. माझं वाचून झालंय, मी बंद करायला विसरलेय. शालूबाई विचारते, "बनाबाई, पोरगी तं चालली. तू काऊन घोकून राह्यली मंग हे?"

आई म्हणते, "तिची पात लांब हाय बाई यावक्ती. समोरून धराची असन तं मलेही हे याले पायजे ना."

बाहेर आई भांडी घासतेय. रा रि रु रे रो म्हणतेय. रे विसरली. उठते, सांगते तिला.