पासपोर्ट पोरीच्याच पर्समध्ये

अल अझीझिया, जेद्दा
१४ जून २००७

रुकय्या आपा,

अस्सलामु अलैकुम. आम्ही इथे खुशाल आहोत. उकाडा असा की नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. तुझ्या भावजयीचे, सुरैयाचे, गुडघे बरे आहेत. तुझी कंबर कशी? माझ्यासोबत कामाला असलेला नागेश सुट्टीवर रत्नागिरीला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देतोय.

आता खबर ऐक. आपली सादिया जर्मनीला चालली! आखेनच्या विद्यापीठात, पीएच.डी. करायला. आणि शिकायचं ते शिकायचं, वर पगार घ्यायचा! मी म्हटलं, "कुणी फसवत तर नाही ना?" तर म्हणते, "अब्बा, वहाँ पीएच.डी. नौकरी है." समुद्राचं पाणी गोडं कसं करायचं, त्यावर संशोधन. आम्ही इथे रोज पितो तेच पाणी गं!

मुलाखत फोनवर झाली. तिकडून तीन प्रोफेसर. एसीच्या घरघरीत नीट ऐकू येईना, म्हणून मी, एसी मेकॅनिक माणूस, घरातले सगळे एसी बंद केले. तासभर मी नि सुरैया दाराबाहेर घामाने निथळत उभे. अक्षर कळलं नाही, पण पोरीचा आवाज एकदाही कापला नाही. मी आमच्या कफीलसमोर, व्हिसा देणाऱ्या अरब मालकासमोर, असा कधी बोललोय?

मग नेमणुकीचा कागद आला आणि मी अक्कल शिकवायला बसलो. "पहिल्या दिवशी प्रोफेसरकडे पासपोर्ट जमा करशील, त्याआधी झेरॉक्स काढून ठेव. सुट्टी हवी तर महिनाभर आधीपासून मागे लाग." पोर हसत सुटली. "अब्बा, पासपोर्ट मेरे पास ही रहेगा." मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आपा, इतकी वर्षं माझा पासपोर्ट कफीलच्या कपाटात पडलाय, आणि माझ्या पोरीचा तिच्या पर्समध्ये राहणार! गच्चीवर जाऊन रडलो मी. छाती फुगून शर्टाची बटणं तुटायची बाकी होती.

परवा फोनवर तू विचारलंस, शाबान महिन्यात झयान-सादियाच्या निकाहाची तारीख धरू ना? तेव्हा लाइन खराब आहे म्हणून मी फोन ठेवला. लाइन चांगली होती.

तुझा झयान सोन्यासारखा पोरगा आहे, त्यात वाद नाही. पण सादिया म्हणते, "मी त्याला भाऊच मानते. त्याला माझ्यासाठी थांबवू नका." खरंय तिचं. जबान मी दिली होती, तिने नाही. पोर आठ वर्षांची, अंगणात लंगडी खेळत होती, आणि आपण दोघांनी बिर्याणी खाता खाता ठरवून टाकलं. ती जबान मी परत घेतोय. मोहल्ल्याला काय बोलायचं ते मला बोलू देत. तुलाही शिव्या द्यायच्या तर मला दे, पोरीला नको.

पुढच्या शुक्रवारी, २२ तारखेला, नमाजानंतर सादिया तुला फोन करील. फुफीची दुवा घेतल्याशिवाय विमानात पाय ठेवणार नाही म्हणते. मी तिला बजावलंय, फुफीने फोन उचलला नाही तरी तू जायचं.

पण आपा, तू उचल.

तुझा जबान मोडणारा भाऊ आणि सादियाचा बाप,
जमालुद्दीन