पहिला घोट दुसऱ्याचा

९ मार्च, रविवार दुपार

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र केव्हाच पोचलं. उत्तराला उशीर झाला त्याचं खापर पोस्टावर फोडणार होतो, पण आपल्या पोस्टमनची कवळी मीच बनवली आहे, त्याच्यावर आळ घेववत नाही. माझी प्रकृती ठीक. गुडघा कुरकुरतो, त्याला कुरकुरू देतो. स्वयंपाकघरातला गळका नळ बदलून घेतला. वरच्या बाईंची मांजर अजून आपल्याच पायपुसण्यावर झोपते आणि मीच घरात आगंतुक असल्यासारखी माझ्याकडे बघते. हात अजून थरथरत नाही, म्हणून थोडंफार काम घेतो. अर्ध्या गल्लीच्या तोंडात माझे दात आहेत, त्यामुळे माझ्यावर कुणी दातओठ खात नाही.

बाकी नवीन म्हणजे, मला बर्बन आवडली.

हसू नकोस. आपल्या घरात त्या अमेरिकन व्हिस्कीची काय पत होती ते तुला ठाऊक आहे. आपला सुतार म्हणायचा, ही व्हिस्की नव्हे बाबा, हे खोकल्याचं औषध. कवळ्या करणाऱ्याचा मुलगा लाकडात शिरला म्हणून मी त्याला चिडवायला सुतार म्हणायला लागलो आणि पुढे त्याच्या खऱ्या नावापेक्षा तेच जास्त चाललं. आम्हा बापलेकांना धुराची, म्हणजे धुरकट वासाची स्कॉच व्हिस्की लागायची. शनिवारी संध्याकाळी त्याने खालचं वर्कशॉप बंद करून वर यायचं, हात न धुता बसायचं, तू ओरडायचंस आणि मग तूही बसायचंस.

आणि त्याचा तो नियम. ज्याने बाटली आणली त्याने आधी प्यायची नाही. पहिला घोट दुसऱ्याचा. त्याने चव घेऊन एकच शब्द सांगायचा, मगच आणणाऱ्याने ग्लास उचलायचा. कारण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपण आणलेली बाटली वाईट असं कोण म्हणेल? तुझे शब्द सगळ्यात भारी असायचे. एकदा तू "इस्पितळ" म्हणालीस आणि सुताराला हसता हसता ठसका लागला होता. पुढे तो खऱ्या इस्पितळात गेला तो परत आलाच नाही. तो शब्द मग आपण दोघांनीही कधी काढला नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. मी विषय लांबवतोय हेही तुला कळत असेल.

ज्याच्याबद्दल तू पत्रात विचारलंस, तो तुझा चष्मेवाला इथे येऊन गेला. ते त्याने तुला सांगितलं असणार. काय झालं ते मात्र सांगितलं नसावं, कारण तुझ्या पत्रात तक्रारीचं अवाक्षर नाही. तेव्हा मीच सांगतो.

इस्त्रीचा शर्ट घालून आला. कागदात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली. उघडून बघतो तर बर्बन. म्हाताऱ्याला व्हिस्की चालते एवढंच तू त्याला सांगितलंस आणि कुठली ते सांगायला विसरलीस ना? बसायची वेळ आली तेव्हा त्याने सुताराने केलेल्या खुर्चीकडे नुसतं पाहिलं आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं. खुर्चीवर बसला असता तर रागवायला निमित्त तरी मिळालं असतं मला.

त्याने दोन ग्लास भरले. एक माझ्यासमोर सरकवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. नियम तू सांगितलेलाच होतास. मी मोतीबिंदूबद्दल बोललो, चष्म्याच्या काड्यांबद्दल बोललो, पण ग्लासाला हात लावला नाही. बिचारा घाबरून काहीबाही सांगत होता. म्हणे ही ज्या पिंपात मुरते ते नव्या लाकडाचं असतं, आतून आगीने जाळून काळं केलेलं. बर्बनला ते एकदाच चालतं. मग ती रिकामी पिंपं धुराच्या व्हिस्कीवाले विकत नेतात. म्हणजे जिला आपण जन्मभर नावं ठेवली, तिच्याच जुन्या पिंपात मुरलेली आपण चवीने पीत आलो. यावरून तुला काहीतरी चांगलं लिहायचं मनात होतं, पण बाईमाणसाला पिंपाची उपमा द्यायला गेलो तर तू माझेच दात माझ्या हातात देशील, म्हणून सोडून दिलं.

खिडकीतलं ऊन गेलं तसा तो उठला. म्हणाला, "येतो, बाबा." दोन्ही ग्लास भरलेलेच राहिले. मला पुरतं कळत होतं मी काय करतोय ते, पोरी. तो गेल्यावर दोन्ही ग्लास नरसाळ्याने परत बाटलीत ओतले आणि बाटली व्हिनेगरच्या मागे ढकलून दिली.

गेल्या रविवारी माझी नेहमीची संपली. दुकान बंद. अडला हरी, म्हणून ती बाहेर काढली. भरदुपारी ग्लासात थोडी ओतली, पाण्याचे चार थेंब घातले आणि पाणी प्यायला वळलो, तर खालून वास आला. सुतार गॅसच्या टॉर्चने लाकूड जाळतोय, तो वास. तुला आठवतो ना? ओकच्या फळीवरून ज्योत फिरवायचा, काळी झाली की ब्रशने घासायचा आणि जिन्यापर्यंत साखर करपल्यासारखा गोड वास यायचा. मला वाटलं, वर्कशॉपमध्ये कुणीतरी शिरलंय. ग्लास हातात तसाच धरून जिना उतरलो. कुलूप होतं. उघडलं. आत सगळं थंड. रंधा जागेवर, पट्ट्या भिंतीला टेकलेल्या, दारामागे त्याचा कामाचा शर्ट. त्या शर्टाला आता कसलाच वास येत नाही. मी रोज जातो म्हणून मला माहीत आहे. एकदा तू मला तिथे पकडलं होतंस आणि मी पेन्सिल शोधतोय म्हणालो होतो. पेन्सिल माझ्या कानावर होती.

वास माझ्या हातातल्या ग्लासाला येत होता.

तिथेच, त्याच्या बाकावर बसून प्यायलो. एवढी चांगली व्हिस्की मी आयुष्यात प्यायलेलो नाही. आणि ती चांगली आहे हे ज्याला सांगावं, ज्याच्याशी भांडावं, तो नाही. मी रडलो. तो गेला तेव्हा तुला सावरायचं होतं म्हणून रडलो नव्हतो, ते सगळं त्या दुपारी रडलो. मांजर दारापर्यंत येऊन परत गेली.

आता तुझ्या प्रश्नाचं. तू लिहिलंस, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही." असं कुणी लिहितं का गं? माझ्या तोंडात 'नाही'च होतं. मला वाटत होतं, तू गेलीस की त्याच्याबद्दल बोलायला या जगात कुणी उरणार नाही. अजूनही वाटतं. पण म्हणून तू जन्मभर माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्यासोबत त्याचं मरण राखत बसावंस, हे मागितलं तर मी बाप कसला?

चष्मेवाल्याला सांग, बाटली फारच चांगली निघाली. नियमाप्रमाणे एक शब्द सांगायचा राहिला होता, तो सांगतो: सुतार. आता त्याने ग्लास उचलायला हरकत नाही. दोघांपुरती मी शिल्लक ठेवली आहे. शनिवारी संध्याकाळी दोघं या. आणि त्याला म्हणावं, त्या खुर्चीवर बस. ती बसण्यासाठीच केलेली आहे.

एकच मागणं. त्याच्या आईला सांग, तुला सूनबाई म्हणायची घाई करू नका. तोवर मी म्हणून घेतो.

तुझा,
बाबा