टोपलीत उरलेलं अंडं

प्रिय निकेश,

फोन सोडून आई पत्र काय लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तुझा नुसता श्वास ऐकू येतो. मग मीच विचारते, जेवलास ना, बरा आहेस ना, आणि "हो, बराच असशील" हे उत्तरही मीच देऊन टाकते. ठेवल्यावर लक्षात येतं की तू एक शब्दही बोललेला नाहीस.

आपली तांबडी कोंबडी यंदा अकरा अंड्यांवर बसवली होती, मागच्या खोपट्यात, भाताच्या तणसाच्या टोपलीत. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली, एक अंडं नासकं निघालं. उरलेल्या एकाला सकाळीच टवका पडला होता. आत चोच हलताना दिसायची, कानाशी धरलं की बारीक चिवचिव यायची. दुपार झाली तरी टवका तेवढाच. कोंबडी बाकीची पिल्लं घेऊन अंगणात निघून गेली. मी ते अंडं फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं आणि अंगणवाडीतून दोनदा घरी येऊन पाहिलं. नख लावलं असतं तर कवच सुटलं असतं. ठमाबाई कुंपणापलीकडून पाहत होती. म्हणाली, "हात नोको लावू वो बाई. आपण काढलेलं पिल्लू आपल्याच मांगं फिरते, कोंबडीले वळखत नाई." आणि वर हसून, "तुह्या निकेशसारखं." मला राग आला. पण हात मागे घेतला.

तू पाच वर्षांचा होतास तेव्हा तुझं बोलणं अडायला लागलं. वेखंड उगाळून चाटवलं, पोपटाने टोचलेला पेरू शोधून आणून खायला दिला. शाळेत हजेरीच्या वेळी तुझा शब्द निघेपर्यंत पोरं मोठ्याने आकडे मोजायची, म्हणून मी गुरुजींना सांगून आले की याने नुसता हात वर करावा. दुकानात तुझ्या मागे उभी राहून मी साबण मागायची, बसमध्ये तिकीट मागायची. तुझ्या मानेची शीर ताणली की माझाच जीव घुसमटायचा. तुझे बाबा तेवढे थांबायचे. "बोलू दे ना त्याले, गाडी सुटून राह्यली का?" असं म्हणून ते विडी पेटवायचे आणि विडी संपली तरी तुझ्याकडे पाहत बसायचे. त्यांच्याशी तू किती बोलायचास, हे मला ते गेल्यावर कळलं. त्यांच्यानंतर घर एकदम गप्प झालं. त्या गप्पपणात मी आणखीच बोलत सुटले.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना दोनदा पान फाडलं. उर्वशीला पाहायला गेलो तो दिवस तू विसरला नसशील. पोहे झाले, चहा झाला. तिचे मामा नानाजी तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बोला जवाईबापू, पोरगी पसंत हाये का? मोकळं सांगा, इथी कोनी वाघ नाई बसला." सगळे हसले. तू "मले... मले..." म्हणालास आणि अडलास. सगळं घर तुझ्या तोंडाकडे पाहत होतं. मी हसून म्हणाले, "पसंत हाये म्हन्ते तो." लगेच साखर वाटली गेली. परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास, आणि मी सगळ्यांना सांगत होते की पोरगा लाजला.

लोक आजही म्हणतात, आईने सांभाळून घेतलं. निकेश, मी सांभाळलं नव्हतं. तू काय म्हणणार होतास ते मला माहीत होतं. आयटीआयमधल्या दीपालीचं नाव तू घरात तीनदा घेतलं होतंस, आणि तीनही वेळा जराही न अडखळता. पोरगी आपल्यातली नव्हती, म्हणून मी ऐकलं नाही असं दाखवलं. आयुष्यभर तुझे अडलेले शब्द मी पुरे केले, ते तुझेच होते. त्या दिवशी मात्र मी माझा शब्द तुझ्या तोंडात घातला. तू अडतोस याचा फायदा घेतला, तुझ्या आईने.

उर्वशी चार महिने माहेरी आहे. मागच्या आठवड्यात मी तिला फोन केला, समजूत घालायला. ती शांतपणे म्हणाली, "आई, दोन वर्षांत त्यायनं माह्यासंग भांडन बी नाई केलं. भांडाले बी बोला लागते ना?" मग विचारलं, "त्यायनं मले पसंत केलं होतं का?" माझ्याच तोंडून शब्द निघेना. त्या पोरीचा काय गुन्हा?

ते पिल्लू दुसऱ्या दिवशी आतच मेलं. मी हात लावला नाही, तरी मेलं. ठमाबाई येऊन पाहून गेली आणि म्हणाली, "जरासं फोडलं असतं तर जगलं असतं बी." मी ते परसात खड्डा करून पुरून टाकलं. त्यातून मला काही शिकायला मिळालं असं म्हणणार नाही. फोडलं असतं तर काय झालं असतं, हे आता कधीच कळायचं नाही, आणि ते मला रोज आठवतं.

येत्या रविवारी नानाजींनी त्यांच्या घरी बैठक बोलावली आहे. संसार ठेवायचा की मोडायचा, ते तिथे ठरेल. त्यांचा निरोप आला, "बाई, तुमी या, पोराच्या वतीनं तुमीच बोला." मी नाही म्हणून कळवलंय. मी येणार नाही. तू भद्रावतीहून परस्पर जा. पाच मिनिटं लागोत की तासभर, कोणी मधे शब्द घालायचा नाही, एवढं मी नानाजींकडून कबूल करून घेतलंय. ठेवायचं म्हण, मोडायचं म्हण, पण उर्वशीच्या तोंडाकडे पाहून म्हण. आणि त्या दिवशी होकार कोणी दिला होता असं कोणी विचारलं, तर माझं नाव सांग. अडलास तरी सांग. तुला थांबवायला मी तिथे नसेन.

तुझीच,
आई