पुलापलीकडचा जन्म

न्यू ब्रन्सविक,
१२ सप्टेंबर २०१४

ती. थर्झाताईस,
धाकट्या हेझनचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला यायचं मी कबूल केलं होतं, पण आता सरहद्दीवरचा पूल ओलांडायची छाती होत नाही. हसू नकोस. परवा मुदतठेवीसाठी बँकेत गेलो, तर तिथल्या पोरीनं जन्मगाव विचारलं. मी सरळ सांगितलं, नदीपलीकडचं, अमेरिकेतल्या मेनमधलं. मी जन्मलो त्या हिवाळ्यात आपल्याकडे डॉक्टर नव्हता, म्हणून आईला बर्फातून तिकडच्या इस्पितळात नेलं होतं. त्यावर पोरगी शांतपणे म्हणाली की मग तुम्ही अमेरिकेचे नागरिक, आणि अमेरिकेचा नागरिक कुठेही राहत असला तरी त्याला दरवर्षी तिकडे प्राप्तिकराचं विवरण भरावंच लागतं.

ताई, मला अडुसष्टावं चालू आहे. त्यातले पाच दिवस मी अमेरिकेत राहिलो, तेही झोपेत!

मुरिएल म्हणते, दंडात घर जाईल. चौकीवर पकडतात का गं? मी आयुष्यभर शाळेची बस चालवली, कधी सिग्नल तोडला नाही.

या गुन्हेगारावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा हेझन

मेन,
२१ सप्टेंबर २०१४

चि. हेझन यास,
तुला आणि सौ. मुरिएलला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की दुखरा गुडघा धरून बसावं लागलं. एक जुलैला, राष्ट्रदिनी, घरावर चादरीएवढं कॅनडाचं निशाण लावणारा तू, लग्न करून इकडे आल्यापासून मला ‘अमेरिकन बाई’ म्हणून चिडवणारा तू! अरे, मी तर आपल्या घरातच जन्मले आणि अजून कॅनडाचीच नागरिक आहे. आपल्या खानदानात अमेरिकन एकटा तूच निघालास.

आता कामाचं. आमची विवरणं भरणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पुलावर कुणी धरत नाही. ज्यांना खरंच ठाऊक नव्हतं त्यांच्यासाठी वाट आहे: तीन वर्षांची विवरणं, सहा वर्षांच्या बँकखात्यांची माहिती आणि का भरलं नाही त्याचं खरं कारण. तू तिकडे भरलेला कर वजा होतो, तेव्हा देणं बहुधा काहीच निघणार नाही. मात्र ज्या खात्यावर तुझी सही चालते ते प्रत्येक खातं दाखव, पैसे दुसऱ्याचे असले तरी.

ऑपरेशन सहा नोव्हेंबरला आहे. तू आला नाहीस तर शेजारीण येईल. ती फार बोलते.

भावापेक्षा शेजारीण बरी, असं म्हणायची वेळ आणू नकोस.
तुझी ताई

न्यू ब्रन्सविक,
१७ ऑक्टोबर २०१४

ती. ताईस, नमस्कार.

तुझ्या त्या बाईंच्या शेवटच्या वाक्यानं माझा घात केला! बर्फावर दगड सरकवणाऱ्या आमच्या कर्लिंग क्लबचा खजिनदार मीच ना? क्लबच्या खात्यावर माझी सही. सभेत सांगितलं, तर गदारोळ. माझा जुना दोस्त ऑल्डन टेबल बडवून म्हणाला की आपल्या सोडतीच्या पैशांशी अमेरिकेला काय करायचंय, या परक्या माणसाला आधी काढा. परका! त्याच्या लग्नात मी करवला होतो.

तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी विचारलं की नदीपलीकडे आणखी कोण कोण जन्मलंय. मग हळूहळू सात हात वर आले. सातवा ऑल्डनचा.

आता रोज संध्याकाळी सगळे परके आमच्या स्वयंपाकघरात कागद पसरून बसतात. मुरिएल मासळीचं सूप करून करून वैतागली आहे. माझे कागद काल रवाना झाले. देणं शून्य.

सहा तारखेला येतो. भीती गेलेली नाही, पण येतो. शेजारणीला तसं कळव.
हेझन

मेन,
९ नोव्हेंबर २०१४

चि. सौ. मुरिएलला ताईचे आशीर्वाद.

माझा गुडघा ठीक आहे आणि तुझा नवराही. तो तुला सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. मी भुलीत आहे असं समजून तो माझ्या उशाशी बसून बोलत होता. चौकीवरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्टवरचं जन्मगाव पाहिलं आणि हसून म्हणाला, घरी आपलं स्वागत आहे. हा इतका गोंधळला, म्हणाला की मी फक्त ताईच्या गुडघ्यासाठी आलोय. मग चौकीपुढे जाऊन गाडी उभी करून रडला. आईला त्या बर्फातून इथवर कसं आणलं असेल, म्हणाला.

मी सेहेचाळीस वर्षं तो पूल ओलांडते आहे. मला आजवर एवढंच विचारतात की पिशवीत काय आहे.

नागरिकत्व सोडायचा अर्ज त्यानं बरोबर आणलाय. तीन दिवस टेबलावर पडून आहे. का भरत नाहीस विचारलं, तर म्हणतो पेन चालत नाही. शेजारी चार पेनं ठेवली आहेत.

आठवडाभर त्याला इथेच ठेवून घेते. राग मानू नकोस.
तुझी थर्झाताई