नारपोलीच्या खोलीत आईचे धवले

सोम., ५ जाने.
खोली मिळाली. नारपोलीत, कापडाच्या लूमच्या कारखान्यावर पहिला मजला. आधी ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस होतं. ३१ पर्यंत आपली, पुढे दुसरा भाडेकरू ठरलाय. गोदामातली ड्युटी संपवून झाडलोट केली. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, त्या घासल्या तरी जात नाहीत. कंबर कामातून गेली.
घरी दिघाशीला आईच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग होणं शक्यच नव्हतं. दारावरून कंटेनर, आत दादाची पोरं, टीव्ही, कुत्री.

बुध., ७
वसीमभाई आले. लग्नांत साउंड लावतात, आईला वीस वर्षं ओळखतात. फरशीवर हात ठेवून म्हणाले, "दीदी, ये तो काँप रही है. इधर गाना नहीं होगा." खाली लूम धडधडतायत, होणार कसं? फक्त शुक्रवारी बंद. म्हणजे हातात चार शुक्रवार.
कारखानेवाल्याने चिंधीची पोती दिली, ती भिंतीला लावली. खिडकीला गोधड्या. आत बोललं की आपलाच आवाज ओळखू येत नाही.

शुक्र., ९
आईला रिक्षाने आणलं. आई धवलारीण. भटजी असो नसो, आमच्याकडे तिच्या धवल्यांशिवाय लग्न लागत नाही. मांडव घालण्यापासून पाठवणीपर्यंत सगळी गाणी तोंडपाठ, कागदावर एकही नाही. गावात दुसरी कोणी उरली नाही. आणि डॉक्टर म्हणतात विसरणं वाढतच जाणार. म्हणून हा सगळा उपद्व्याप.
येताना सूप, तांदूळ, हळद घेऊन आली. सूप माईकमध्ये खसखसतं म्हणून बाजूला ठेवायला लावलं. मग खुर्चीवर बसली, हात मांडीवर, शाळा तपासायला साहेब आल्यासारखी. तीन ओळी म्हटल्या, थांबली. परत पहिल्यापासून. परत तिथंच.
"गेला गो," म्हणाली.
मी ओरडले. घरी दिवसभर गुणगुणतेस, इथंच काय होतं? वसीमभाईंसमोर. ओरडायला नको होतं.

रवि., ११
दादा : "डीजेच्या जमान्यात कोण ऐकनार हाय? तुला दुसरं काम न्हाय." लग्न न झालेल्या बहिणीला वेळच वेळ, असं या घरात सगळ्यांना वाटतं. बेचाळीस झाली. दोनदा जुळलं, दोनदा मोडलं, मग घरच्यांनी विषय काढायचं सोडलं. मीही.

शुक्र., १६
सूप परत दिलं. चूक आमचीच. खाली बसली, तांदूळ पाखडायला लागली, आणि आवाज असा सुटला की वसीमभाईंनी कानावरचे हेडफोन काढून नुसतंच ऐकलं. "सूप को रहने दो दीदी, आने दो आवाज़."
मांडवाचे सगळे धवले झाले. हळदीवर गाडी अडली.
"नवरी कुठं हाय?"
"आई, हे रेकॉर्डिंग आहे."
"रिकाम्या पाटाला हलद लावू?"
हट्ट नाही तो. हळदीच्या धवल्यात नवरीचं नाव घेत कपाळ, खांदे, हात, पाय असं उतरत जायचं. समोर माणूस नसलं की पुढचं तिला आठवतच नाही.

शुक्र., २३
मामेबहिणीची पोर यायची होती, पाटावर बसायला. ऐन वेळी फोन. खोटी हळद लागली तर खरी लागत नाही, तिची आई सोडायला तयार नाही. खोलीत आम्ही तिघं आणि चिंधीची पोती. आई दिवसभर माझ्याकडे बघत होती. मी उगाच वायरी तपासत राहिले.
थकलेय. हे सगळं सोडून द्यावं असं आज पहिल्यांदा वाटलं.

मंगळ., २७
जेवताना आई : "तू बस."
म्हटलं, माझं हसं करायचंय का? ताटावरून उठले. राग कसला, लाज वाटली. आणि खोटी हळद लागली तर खरी लागत नाही, हे मलाही आठवलं. या वयात!

शुक्र., ३०
बसले.
पाट, हळद, ड्युटीवरचा जुना ड्रेस. वसीमभाई मशीनकडे तोंड करून बसले, हळद संपेपर्यंत एकदाही वळले नाहीत. भला माणूस.
आईने कपाळाला हात लावला आणि माझं नाव घेऊन सुरू केलं. गावातल्या किती पोरींची नावं घेतली असतील तिने, माझं कधीच नाही. कुठं अडली नाही. ओळीमागून ओळ, मी न ऐकलेल्यासुद्धा. मी रडले. ते रेकॉ.मध्ये आलंय, काढू नका म्हटलं.
दुपारपर्यंत सगळं झालं. राहिला पाठवणीचा. आईने सूप खाली ठेवलं.
"ह्यो न्हाय म्हनत."
"आठवत नाही का?"
"आठवतंय. तुझा ठेवलाय."
वसीमभाईंनी खुणेनं विचारलं, बंद करू? मी हो म्हटलं.

शनि., ३१
पोती खाली पोचवली, किल्ली दिली. संध्याकाळी घरी आई वालाच्या शेंगा सोलत होती. फोन समोर ठेवला. पाठवणीचा म्हण, एवढा एकच राहिलाय.
"लग्नात म्हनेन."
"माझं आता लग्न होणार नाही, आई."
"मना ठाव हाय."
मी फोन बंद केला आणि तिच्यासमोर शेंगा सोलत बसले.