खूण कुठे गळाली

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज फुकटची बोलणी खाल्ली. ज्या हॉस्पिटलला आम्ही आमचं टूल दिलंय, तिथल्या माणसाने फोनवर मॅडमना झाडलं आणि मॅडमनी मला. त्यांच्याच एका इंजिनियरने सहज म्हणून अपॉइंटमेंटच्या पानावर, नावाच्या रकान्यात, भलतंच काहीतरी टाइप केलं — आणि सगळ्या पेशंटचे रिपोर्ट धडाधड उघडले! तोच कोड आमच्या टूलने मागच्या महिन्यात तपासलाय. काय म्हणालं टूल? सगळं ठीक.

मान आखडलीय. लिहवत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना ह्याने विचारलं, "तुमचं ते टूल नक्की करतं काय?" लग्नाला इतकी वर्षं झाली, आता विचारतोय! सांगितलं — बाहेरचा माणूस जे टाइप करतो ते सगळं मळकं धरायचं. त्याला खूण लावायची. मग कोड न चालवता, नुसता वाचत, ती खूण कुठून कुठे जाते ते बघायचं. वाटेत गाळणी लागली तर ठीक. न गाळता थेट डेटाबेसपर्यंत पोचलं तर बोंब मारायची.

"म्हणजे वॉचमनला डुलकी लागली," हा म्हणाला.

हो. आणि त्याला का लागली ते शोधायचं मी. दिवसभर तेच केलं. हाती काही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं! नाव आत येतं, खूण लागते, इथवर झकास. पुढे त्यांचा कोड ते नाव एका यादीत टाकतो आणि दोन फंक्शनं ओलांडल्यावर यादीतून बाहेर काढतो. बाहेर येताना खूण गायब! आमच्याकडे यासाठी नियम होता — यादीत एक जरी मळकी गोष्ट गेली तर तिच्यातून निघेल ते सगळं मळकं. तो नियमच कुणीतरी उडवलाय.

मास्तरांकडे गेले. टूलचा हा भाग सगळा त्यांचा. मला हे काम शिकवलं तेही त्यांनीच, म्हणून मास्तर. आता निवृत्तीला आलेत.

"मीच काढला," म्हणाले. "उगाच बोंबलायचा. लोक वैतागतात."

"पण मास्तर, खरी बोंबही गेली ना त्याच्याबरोबर!"

चष्मा पुसत बसले. एरवी माझी एक शंका असली तर फळ्यापुढे उभं करून तासभर समजावणारा माणूस!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नियम परत घातला. टूलने बोंबांचा पाऊस पाडला. बहुतेक खोट्या. एकेक उघडून बघतेय — हे गाळलेलं, हेही गाळलेलं, हे तर बाहेरचं नाहीच. डोळ्यांची आग होतेय. मुलीच्या शाळेतली पालकसभा साफ विसरले. हा जाऊन आला. मला एका शब्दाने बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टीच्या दिवशी मीटिंग. हॉस्पिटलची दोन माणसं, मॅडम, मास्तर, मी. मी पडद्यावर दाखवलं, खूण नेमकी कुठे गळाली ते. मास्तर खुर्चीतून पुढे वाकले.

"हा नियम कोणी काढला? कुठल्या गाढवाने?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं, "मास्तर, परवा तुम्हीच म्हणालात ना..."

"मी? अगं, मी लिहिलाय तो नियम! मी कशाला काढीन?"

सगळ्यांसमोर! हॉस्पिटलवाला माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच गाढव. मॅडम खाली बघत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाला इतकं मानलं, तो तोंडावर खोटं बोलतो? स्वतःची कातडी वाचवायला मला पुढे करतो?

घरी येऊन भांडी आपटली.

८ फेब्रुवारी, रविवार

झोपले. नुसती झोपले.

९ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमना सगळं सांगितलं, गुरुवारी ते काय बोलले ते शब्दन्‌शब्द. त्या म्हणाल्या, "मलाही शंका होतीच. त्यांना या कामावरून काढते. उद्याच सांगते."

बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. नुसतं गळून गेल्यासारखं.

टूल मात्र आता हॉस्पिटलची ती वाट पकडतंय. आणखी दोन वाटा पकडल्या, त्यांनाही माहीत नव्हत्या.

संध्याकाळी मास्तर माझ्या टेबलापाशी थांबले. "यादीचा नियम घातलास? शाब्बास. लोक नेमकं तेच विसरतात." अगदी मायेने! जणू शनिवार घडलाच नाही. मी मान वर केली नाही. थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मास्तर आले नाहीत. दुपारी त्यांच्या बायकोचा फोन, मॅडमना नाही, मला. "तुझं नाव ते अजून बरोबर घेतात गं, म्हणून तुलाच केला," म्हणाल्या. आणि मग, अगदी हळू आवाजात — "आठवडा झाला, मला ताई म्हणतायत."