तुझ्या मांडीला आवळलेली दोरी

आबा, तुझा पाय गेला तो काकामुळे, असं तू मरेपर्यंत म्हणत राहिलास आणि मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. आज तुला लिहितेय कारण यंदाच्या शिमग्याला माझाही पाय जाता जाता राहिला, आणि तोही काकाच्याच अंगणात. हसू नकोस. तुझ्या मनात जे आलं असतं तेच माझ्या मनात आधी आलं, की ह्यानंच काहीतरी केलं.

संशयी तर तू होतासच. कोंबडी खुडूक बसली तरी तू काकाच्या घराकडे बघायचास. बांधावरचा दगड हलला की तो काकानं हलवला, आणि आई म्हणाली, गुरांनी हलवला असेल, तर तीही त्याला फितूर. पण ते सगळं तोंडापुरतं होतं. खरं वैर लागलं ते त्या भातकापणीच्या दिवसापासून. मला अजून दिसतंय. तू खाचरात वाकलायस, एकदम ओरडतोस आणि पाय धरून खालीच बसतोस. पाय गार, पांढराफटक, बोटं हलेनात. दाताची खूण कुठंच नाही, तरी सगळे म्हणतात, पान लागलं. आपल्या डोंगरात सापाचं नाव कुणी तोंडानं घेत नाही, आणि कापणीत पायाला काहीही झालं तरी ते पानच. काका भारे बांधायची दोरी काढतो, तुझ्या मांडीला वेढे घालतो, वेढ्यात काठी घालून पिळतो. मला बायकांनी मागे ओढलं, तेव्हा गर्दीतून एवढंच ऐकू आलं, "आवळ, अजून आवळ." मग तुला विष उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं तुला कडुनिंबाचा पाला चावायला दिला. तू म्हणालास, कडू लागतो. पाला कडू लागला म्हणजे विष अंगात नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण विष नाही, मग पाय का मेला, हे कुणी विचारलं नाही. "उतरलं," म्हणाले आणि तुला घरी आणून निजवलं. मुंबईला पोचेपर्यंत पाय काळा पडला होता, तो गुडघ्याच्या वरून कापला. तू शुद्धीवर आलास तो एकच बोलत, भावानं दोरी मुद्दाम आवळली, जमिनीसाठी. त्यानंतर त्या घरचं पाणी आम्हाला बंद झालं.

ते पाणी मी खरंच कधी प्यायले नाही. महाडात चवदार तळ्याजवळ माझी खानावळ आहे. मार्चमध्ये तळ्यावर माणसं लोटतात तेव्हा मी दारात पिंप भरून ठेवते, कोण आलं, कोण प्यायलं, विचारत नाही. आणि सख्ख्या काकाच्या घरी, पालखी त्याच्या अंगणात नाचते म्हणून जायचं, तर पिशवीत स्वतःची बाटली. यंदाही नेली होती. पालखी खांद्यावरून खांद्यावर चालली होती, ढोल घुमत होता, आणि माझ्या डाव्या पायात अशी कळ आली की मी तिथंच बसले. पाय गार. हात लावला तर दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. लगेच गलका झाला, पान लागलं, बांधा, बांधा! कुणी ओढणी पुढे केली, कुणी शेकायला वीट तापवायला धावलं. तेवढ्यात काका गर्दीत घुसला. एवढा म्हातारा, पण आवाज काय लावला! "खबरदार कुणी बांधलंत तर! शेकायचा पण नाय! पान नाय हे, पायाचं रगात बंद झालंय. गाडी काढा रे!" मी त्याचा हात झटकला. माझ्या बापाला बांधणारा हा, मला बांधू देत नाही, म्हणजे ह्याला मी मेलेली हवी आहे, हेच माझ्या डोक्यात. पोलादपूरचा घाट उतरताना तो माझा पाय मांडीवर धरून बसला होता आणि मी त्याच्या हातांवर डोळा ठेवून होते.

महाडच्या डॉक्टरांनी घोट्यापाशी नाडी बघितली, मिळाली नाही. छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली आणि म्हणाले, "तुमचं हृदय ताल सोडून चालतंय. आत रक्ताची गाठ झाली, ती सुटून पायाच्या शिरेत अडकलीय. गाठ वाढू नये म्हणून इंजेक्शन देतो, पण ती काढायला मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, आत्ता. उशीर केलात तर पाय जाईल." मी तुझीच लेक. म्हटलं, इंजेक्शनची बाटली दाखवा आधी. एवढी घाई कसली, तिथं तुमचं कोण आहे? काका म्हणाला, "गो, माझ्याशी जल्मभर भांड, पन आता गाडीत बस." बसले. पनवेलच्या अलीकडे पायाची बोटं हलेनाशी झाली, तेव्हा मात्र मी रडले आबा, भीतीनं रडले. पनवेलच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जांघेत लहानसा छेद घेऊन बारीक नळी गाठीच्या पलीकडे सारली, टोकाचा फुगा फुगवला आणि गाठ ओढून काढली. मी ती बघायला मागितली. काळी, बोटाच्या पेराएवढी. पाय आधी आगीसारखा जळला, मग हळूहळू माझा झाला.

त्या डॉक्टरांना मी तुझं सगळं सांगितलं. ते म्हणाले, खात्रीनं कसं सांगू, पण गाठच असणार; दोरी बांधायच्या आधीच पाय गार पडला होता ना? पाय घालवला तो उशिरानं, दोरीनं त्यात भर घातली असेल. मग मी काकाला विचारलं, तरी एवढी का पिळलीस? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दादाच वरडत व्हता, आवळ, अजून आवळ, इष वर चढतंय. मुंबईच्या डाक्टरानं मला चारचौघांत झापला, की रगात नसलेल्या पायाला दोरी बांधतोस? ते इसरलो नाय." मग आजवर बोलला का नाहीस? "पाय गेलेल्या मानसाला काय सांगू, तूच आवळायला लावलंस म्हनून?"

मेलेल्या माणसावर ढकलणं किती सोपं, नाही का? तू काही उठून "नाही" म्हणणार नाहीस. तेव्हापासून मी तो गर्दीतला आवाज पुन्हा पुन्हा कान देऊन ऐकते. कधी तो तुझा वाटतो. मग वाटतं, काकानं सांगितलं म्हणून वाटतोय. तू सांगितलं होतंस का रे? सांगितलं असलंस तर मी इतकी वर्षं कुणाचा राग वाहिला?

परवा मी माझ्या दोन्ही पायांनी चालत त्याच्या घरी गेले. बाटली नेली नाही. त्यानं दोन कप चहा ठेवला, स्वतःचा कानतुटका, माझा धड, आणि चहात बुडवायचे बटर आणायला आत गेला. मी पटकन कप बदलले. तो आला, आपल्यापुढचा धड कप बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि चहा पिऊन टाकला. तू असतास तर म्हणाला असतास, "बरं केलंस, पोरी." लाज वाटते आबा, पण त्या घटकेला मला तेच ऐकायचं होतं.